कितीला पडलं गं, मादाम?

अगं, ती कपड्यांची बादली ठेव खाली आणि जरा भिंतीपाशी ये. तुझ्या सासूबाई कीर्तनाला गेल्यात ना? मग आहे तासभर. परवा तुमच्या गॅलरीतून ऐकू येत होतं, तू घोकत होतीस, ‘से बों मार्शे, से बों मार्शे’. म्हटलं, पोरगी डिसेंबरात नवऱ्यापाठोपाठ फ्रान्समध्ये लीलला निघालीय आणि तिथल्या बाजारात जाऊन हे बोलणार! चूक नाही गं काही. बों मार्शे म्हणजे स्वस्त, पुस्तकात आहे ते बरोबरच आहे. पण तिथे लेकीकडे असताना मी बाजारात कान देऊन ऐकायची, बायका ‘पा शेर’ म्हणतात. महाग नाही. एवढंच. बोलतानाही निम्मं खाऊन.

ही त्यांची खोडच आहे, नन्नाचा पाढा. चांगलं असेल तर ‘पा माल’, म्हणजे वाईट नाही. महाग असेल तर ‘से पा दोने’, म्हणजे काही फुकट वाटत नाहीयेत. आता सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलीला हे काय शिकवायचं? आपल्याकडे जेवण कितीही झकास झालं तरी ‘ठीक होतं’ यापुढे कोण जातं!

आणि पॅरिसला गेलीस तर बों मार्शे हे दुकानाचं नाव आहे, तेही बघून ये. सीन नदीच्या डाव्या काठाला. नाव ‘स्वस्त’, आणि आत लुई व्हितोंच्या मालकांचं राज्य! आम्ही हात पाठीमागे बांधून फिरलो, देवळातल्यासारखे. पण त्या दुकानाची कथा ऐकण्यासारखी आहे हं. अरिस्तिद बुसिको म्हणून एक माणूस १८५२ साली त्या दुकानात भागीदार झाला. तोवर बहुतेक दुकानांत किंमत दुकानदाराच्या तोंडात असायची, गिऱ्हाइकाचे कपडे बघून ठरायची. आत पाऊल टाकलंस की काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर पडायची चोरी. बुसिकोने प्रत्येक वस्तूवर किंमत लावली, सगळ्यांना एकच. या, बघा, नका घेऊ हवं तर. आवडलं नाही तर परत आणा. थोडा नफा, भरपूर खप. हे सगळं त्याच्याच डोक्यातून निघालं असं नाही, पण रुजवलं त्याने. झोला नावाच्या लेखकाने १८८३ मध्ये अशा दुकानावर अख्खी कादंबरी लिहिली, ‘ओ बोनर दे दाम’, तिच्या तयारीसाठी तो या दुकानात वही घेऊन फिरला होता.

तेव्हापासून दुकानात घासाघीस संपली. आता माझं म्हणणं ऐक, पटलं तर घे. भाव करायची सोय गेली, पण भावाची खाज कुठे जाते गं? ती जिभेवर आली. फ्रेंच माणूस भाव करत नाही, भाव सांगतो. घेऊन झाल्यावर. शेजारणीला, झुडपांच्या कुंपणावरून. लेकीच्या शेजारी एक मादाम राहतात, सत्तरीच्या, केस नीट वळवलेले. नवऱ्याला पेन्शन किती, घर कितीला घेतलं, चकार शब्द नाही काढायच्या. ते विचारणं म्हणजे तिथे असभ्यपणा. पण पायातले बूट कितीला पडले ते विचारायच्या आत सांगायच्या, मूळ किंमत काय, किती टक्के उतरली, आणि शेवटचा जोड कसा त्यांच्याच मापाचा निघाला, सगळं.

यासाठी शब्द पुष्कळ आहेत. ‘युन बॉन आफेर’ म्हणजे फायद्याचा सौदा. ‘अँ बों प्लां’ म्हणजे जरा निराळं, त्यात माहितीही आली. कुठे काय स्वस्त लागलंय याची खबर म्हणजे बों प्लां. मैत्रीण फोन करून म्हणते, तुला एक बों प्लां देते, आणि देते म्हणजे उपकार करते हं, ती खबर ती सगळ्यांना देत नाही. अगदी मातीमोल मिळालं तर ‘पूर युन बुशे द पें’, पावाच्या एका घासाला. त्याहून कमी असेल तर ‘त्र्वा फ्वा रियें’, शून्य गुणिले तीन! आणि ‘से दोने’, वाटलंच म्हणा ना. बाजारात भाजीवाला ओरडतो ‘से कादो!’, भेट आहे भेट! पैसे मात्र घेतो.

आता सोल्दचं नीट ऐक, कारण यात कायदा आहे. आपल्याकडे सेल बारा महिने असतो. दिवाळीचा, पावसाळ्याचा, दुकान बंद होतंय म्हणून लावलेला आणि दहा वर्षं बंद न झालेला. फ्रान्समध्ये ‘ले सोल्द’ वर्षातून दोनदाच, सरकारने नेमून दिलेल्या दिवशी. हिवाळ्याचा जानेवारीतल्या दुसऱ्या बुधवारी सकाळी आठला सुरू, उन्हाळ्याचा जूनच्या शेवटच्या बुधवारी. तो बुधवार महिन्यात फार पुढे जात असेल तर आठवडाभर अलीकडे ओढतात. पूर्वी सहा आठवडे चालायचा, २०२० पासून चारच. आणि तो शब्दसुद्धा राखीव आहे, बाई! इतर वेळी दुकानदाराने काचेवर ‘सोल्द’ लिहिलं तर १५,००० युरोपर्यंत दंड, कंपनी असेल तर त्याहून जास्त. म्हणून एरवी ‘प्रोमो’ लिहितात, ‘व्हांत प्रिव्हे’, म्हणजे खासगी विक्री, म्हणतात, काय वाटेल ते म्हणतात, पण सोल्द नाही.

कारण काय, तर घेतलेल्या किमतीच्या खाली विकायला तिथे एरवी बंदी आहे, थोडे अपवाद सोडले तर. सोल्दमध्ये ती मुभा मिळते. मोठ्यांनी तोटा खाऊन शेजारच्या छोट्या दुकानाला बुडवू नये म्हणून. शिवाय सोल्दमधला माल दुकानात आधी किमान महिनाभर विकायला ठेवलेला हवा. सेलसाठी म्हणून निकृष्ट माल मागवून त्यावर खोटी किंमत खोडायची सोय नाही. आणि ती खोडलेली किंमत, तीही आता मागच्या तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमत असावी लागते, हा युरोपचा नियम आहे. आपल्याकडे असा नियम आला तर किती बोर्ड उतरवावे लागतील, विचार कर.

त्यात आठवड्यागणिक पायऱ्या असतात. पहिली ‘देमार्क’, दुसरी, मग ‘देर्नियेर देमार्क’, शेवटची उतरण. पहिलीत थोडं उतरतं पण सगळी मापं असतात. शेवटच्या पायरीला सत्तर टक्के, पण मग उरतो तो राणी रंगाचा झगा, तोही डबल एक्स्ट्रा लार्ज. हुशार बायका काय करतात? सोल्दच्या आधीच्या शनिवारी जाऊन सगळं अंगावर घालून बघतात, काही न घेता परत येतात. याला ‘रपेराझ’ म्हणतात, म्हणजे टेहळणी. बुधवारी आठला दार उघडलं की सरळ त्या हँगरपाशी. मादाम तर इतक्या तयारीच्या, की आदल्या दिवशी आवडलेला कोट दुसऱ्याच कपड्यांच्या रांगेत सरकवून ठेवायच्या. मी काही बोलले नाही. जोश्यांची वहिनी तुळशीबागेत हेच करते.

आणि ऐक, ‘ले सोल्द’ पुल्लिंगी आहे हं. ‘ला सोल्द’ म्हणालीस तर सैनिकाचा पगार होतो. घाबरू नकोस, फ्रेंच लोकही गोंधळतात.

लीलच्या बायकांना अजून एक खोड आहे. बेल्जियम अगदी लागून, आणि तिथला हिवाळी सेल ३ जानेवारीला सुरू होतो. म्हणजे फ्रान्सच्या आधी. मग काय, तिकडे एक फेरी. तंबाखूही तिकडे स्वस्त, म्हणून पुरुषही आनंदाने गाडी काढतात. फक्त नव्व्याण्णवची गंमत. फ्रान्समध्ये ९९ म्हणायला चार वीस दहा नऊ असा हिशेब करावा लागतो, ‘कात्र-व्हँ-दिझ-नफ’, तोवर पैसे देऊन माणूस बाहेर पडतो. बेल्जियमवाले सरळ ‘नोनांत-नफ’ म्हणतात. बाटाच्या किमतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना दोन्ही सारखंच.

महाग असेल तेव्हा काय म्हणायचं? तिथे मात्र ही माणसं संयम सोडतात. सगळं अंगावरच घेतात. डोक्यातले डोळे काढून द्यावे लागले, ‘ले झ्यो द ला तेत’. आपले डोळे किंमत ऐकून नुसते पांढरे होतात, त्यांचे जातातच. नाहीतर ‘सा कूत अँ ब्रा’. हसू नकोस, ब्रा म्हणजे हात, एक हात द्यावा लागतो. आणि त्याहून खालचं म्हणजे ‘ला पो दे फेस’, बसायच्या जागेचं कातडं. हे मैत्रिणीत म्हणायचं, नवऱ्याच्या साहेबाकडे जेवायला गेल्यावर नाही. मादाम चर्चला जाणाऱ्या, तरी खुशाल म्हणायच्या. हॉटेलचं बिल जास्त आलं तर ते ‘साले’, खारट. फारच आलं तर ‘कू द फ्युझी’, बंदुकीचा बार. आणि ‘सा कूत बोंबों’ ऐकलंस तर गोळ्या-चॉकलेटच्या भावात मिळालं असं समजू नकोस, तेही महागच. फसवणूक झाली तर ‘से द लार्नाक’. आपल्याकडे गिऱ्हाइकाचा बकरा होतो, तिकडे त्याचं कबूतर होतं, ‘पिजों’, आणि मग त्याची पिसं उपटतात.

थांब, कुकरची दुसरी शिट्टी होऊ दे. गॅस बारीक करून ये हवं तर. आलीस? हं.

तर घासाघीस अगदीच मेली नाहीये. दुकानातून हाकलली तर ती रस्त्यावर जाऊन बसली. ‘विद-ग्रनिए’ म्हणून असतात, माळे रिकामे करायचे बाजार. रविवारी अख्ख्या गल्लीत लोक आपापल्या घरातलं नको ते मांडून बसतात. आजोबांची कॉफीची दळणी, नातवाच्या गाड्या, कपबश्या, पडदे. तिथेही नियम आहेच, साध्या माणसाला वर्षात दोनदाच असं विकायला बसता येतं, नाहीतर व्यापारी धरतात. पहाटे सहाला जुन्या वस्तूंचे व्यापारी हातात बॅटऱ्या घेऊन येतात, चांगलं ते उचलून नेतात. दुपारनंतर मात्र विकणाऱ्याला ते सामान परत माळ्यावर चढवायचा कंटाळा येतो. तेव्हा जा.

रीत अशी. आधी ‘बोंझूर’. हे विसरायचं नाही! बोंझूर न म्हणता किंमत विचारलीस तर तू भांडायला आलीस असं समजतात. मग वस्तू उचलायची, उलटी करायची, टवका शोधायचा. किंमत विचारायची. नाक मुरडायचं नाही, नुसतं ‘आ’ म्हणायचं आणि गप्प. मग हळूच, ‘व्हू पुव्हे म फेर अँ प्री?’ मला जरा भाव कराल का? मादामनी माझ्यादेखत सूपचं एक जुनं भांडं पंधरा युरोंचं दहाला आणलं, आणि शेवटी ‘झाकणावर चीर आहे’ म्हणून त्यात चार चमचे टाकून घेतले. मला भरून आलं. बोहनीच्या वेळी मंडईत आमच्या आई हेच करायच्या.

सप्टेंबरात असलीस तर लीलची ‘ब्रादरी’ चुकवू नकोस. पहिल्या शनिवार-रविवारी अख्खं शहर बाजार होतं. मध्ययुगापासून चालत आलंय, आणि सांगतात की त्या काळी नोकरचाकरांना मालकांचे जुने कपडे विकायची एवढ्यापुरती मुभा मिळायची. खरं-खोटं लीलवाले जाणोत. लाखो माणसं येतात. ‘मूल’, म्हणजे तिथल्या शिंपल्या, आणि बटाट्याच्या तळलेल्या काड्या खायच्या आणि शिंपा हॉटेलच्या दारात ढीग करून टाकायच्या, कुणाचा ढीग उंच त्याची चढाओढ. आपले मालवणी तिसऱ्यावाले बघतील तर म्हणतील, एवढं मिरवायचं काय त्यात! २०१६ मध्ये नीस शहरातल्या दहशतवादी हल्ल्यानंतर ती रद्द केली तेव्हा शहर सुतकात असल्यासारखं होतं असं मादाम सांगायच्या. मग करोनात दोन वर्षं नाहीच. ‘ब्रादे’ म्हणजे पडेल भावात काढून टाकणं, कुणी घर घाईने विकलं तरी ‘ब्रादे’च म्हणतात.

आमचे जावई म्हणतात तीन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण ते हिशेबनीस आहेत, दुसरं काय म्हणणार. ‘राबे’ म्हणजे मालात खोट असेल तर कमी केलेली रक्कम, ‘रमीझ’ म्हणजे जास्त घेतलं किंवा जुनं गिऱ्हाईक म्हणून दिलेली सूट, ‘रिस्तूर्न’ म्हणजे वर्षभराच्या खरेदीवर शेवटी परत मिळणारी. कागदावर असेल तसं. बाजारात सगळे ‘युन पेतीत रिस्तूर्न’ म्हणतात. आणि घरी आलेलं कपाट ओरखडलेलं निघालं तर ‘डिस्काउंट द्या’ म्हणून ओरडायचं नाही. ‘अँ झेस्त’ मागायचा. काहीतरी हावभाव दाखवा म्हणे! मागणारा मागत नाही, देणारा देत नाही, आणि पन्नास युरो उतरतात.

ते नुटेलाचं प्रकरण तुला माहीत असेल. २०१८ च्या जानेवारीत इंटरमार्शे सुपरमार्केटने नुटेलावर सत्तर टक्के उतरवले. साडेचार युरोंच्या आसपासची बरणी दीड युरोच्या आत! जी हाणामारी झाली, केस ओढले, बातम्यांत दाखवलं. एरवी पावाच्या रांगेत ‘आधी तुम्ही’ करणारी माणसं! त्याच सुमारास शेतकऱ्यांना भाव मिळत नाही म्हणून कायदा घाटत होता, त्यात खाण्याच्या वस्तूंवरच्या सुटीला ३४ टक्क्यांची मर्यादा घातली. २०१९ पासून लागू. म्हणून तिथे बिस्किटांवर ‘एकावर एक फ्री’ शोधू नकोस, मिळणार नाही. ‘दोनावर तिसरा फुकट’ मिळेल, तो बरोबर तेहतीस टक्क्यांत बसतो. २०२४ मध्ये साबण, शाम्पू, धुण्याची पावडर यांनाही तेच लावलं. लेक चिडली होती, ती वर्षाची पावडर एकदम भरायची.

सुपरमार्केट हेही लीलवाल्यांचंच वेड आहे बघ. ओशाँ १९६१ मध्ये शेजारच्या रूबेत निघालं. आणि तुझा नवरा इथे ज्या डेकॅथलॉनमधून बूट घेतो ना, ते १९७६ मध्ये लीलजवळच्या आंग्लो गावात सुरू झालं. इथलं घातलंस तरी तिथलंच.

नातीची भाषा वेगळीच. ती ‘शेर’ उलटा करून ‘रश’ म्हणते. शब्द उलटे करायची तिकडच्या पोरांना सवय. फुकटला ‘ग्रातोस’. दहा युरोला ‘दी बाल’, म्हणजे दहा गोळ्या, हे फ्रँकच्या काळापासूनचं. कपडे सगळे व्हिंटेडवरून, दुसऱ्याचे वापरलेले, आणि त्याचाच तोरा. आमच्या वेळी बहिणीचा फ्रॉक घालायला लाज वाटायची. मादाम मात्र अजून मोठी रक्कम फ्रँकमध्ये करून बघतात, साडेसहाने गुणून. फ्रँक जाऊन वीस वर्षं उलटली. पण आमचे हे नाही का अजून सोन्याचा भाव आमच्या लग्नातला सांगत!

काही न घेता नुसतं बघत फिरणं म्हणजे ‘लेश-वित्रीन’. काचा चाटणं. शी! पण शब्द चांगला आहे. आणि बघता बघता मोह झालाच तर ‘जे क्राके’ म्हणायचं, मला तडा गेला. हे म्हटलं की नवरा काही बोलू शकत नाही, तडा गेल्यावर काय बोलणार? न बोलता खर्च टाळणारा निघाला तर त्याच्या खिशात समुद्री काटेरी साळिंदर आहेत म्हणतात, ‘दे झूर्सें दां ले पोश’, हात घातला की टोचतं. तुझ्या सासऱ्यांचं नाव मी घेतलेलं नाही हं.

बरं, मुद्द्याचं. तू डिसेंबरात पोचणार, सोल्द जानेवारीत. इथून जाडजूड कोट नेऊन बॅगेचं वजन वाढवू नकोस आणि तिथे पोचल्या पोचल्या पूर्ण किमतीत तर मुळीच घेऊ नकोस, डोळे जातील. लेकीचा जुना कोट आहे, राखी, तिला आता घट्ट होतो. मी आज रात्री फोन करते. ती म्हणेल ‘प्री दामी’ लावते, मैत्रिणीचा भाव. पाच युरो मागेल बघ, बापावर गेलीय. तू म्हण, काकूंनी सांगितलंय, ‘आ लय’. फुकट.